आरंभशूरांसाठी : उत्साह ओसरल्यावरही टिकणारी सवय कशी लावावी

मराठीत 'संकल्प सोडला' म्हणजे तो केला आणि 'संकल्प सोडून दिला' म्हणजे तो टाकला. माझ्या बाबतीत या दोन वाक्यांमधलं अंतर बरीच वर्षं साधारण अकरा दिवसांचं होतं. जुन्या डायऱ्या साक्षीला आहेत. १ जानेवारीला दीड पान, सुवाच्य अक्षर, शीर्षकाखाली दुहेरी रेघ. ५ तारखेला अर्धं पान. ११ तारखेला 'आज फार दमलो, उद्या सविस्तर लिहितो.' त्यानंतर थेट डिसेंबरपर्यंत कोरी पानं, मधूनमधून फोन नंबर आणि बेरजा.

अशा माणसाला आरंभशूर म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत. पण आरंभाला माझ्याकडे शौर्य असायचं हे खरं होतं. चुकायचं ते खर्चात. पहिल्या आठवड्यातला सगळा उत्साह मी कृतीवर उधळायचो : तासभर व्यायाम, पन्नास पानं वाचन, पहाटे पाचचा गजर. उत्साह आटला की कृतीही आटायची, कारण तिला दुसरा कसलाच आधार नसायचा. आता मी तो उत्साह सोयीवर खर्च करतो. अंगात अजिबात जोर नसलेल्या दिवशीसुद्धा काम होऊन जाईल अशी व्यवस्था पहिल्या आठवड्यातच लावून ठेवतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका व्यवस्थेच्या आहेत.

गळती नेमकी कुठे होते

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९८०च्या दशकात नववर्षाचा संकल्प केलेल्या २०० जणांचा दोन वर्षं पाठपुरावा केला होता. आठवडाभरानं ७७ टक्के लोक टिकून होते, महिन्यानं ५५, सहा महिन्यांनी ४० आणि दोन वर्षांनी १९. लोक या यादीतला शेवटचा आकडा पाहून सुस्कारा टाकतात. मला मधले आकडे जास्त बोलके वाटतात. पहिल्या महिन्यात शंभरातले ४५ जण गळाले, त्यापुढच्या पाच महिन्यांत फक्त १५. म्हणजे बाराही महिने दात-ओठ खात झगडायचं नसतं. खरा चढ सुरुवातीच्या काही आठवड्यांचा असतो.

'संकल्प वगैरे सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांसाठी नॉरक्रॉस यांचाच २००२ सालचा दुसरा अभ्यास आहे. सहा महिन्यांनंतर, संकल्प केलेल्यांपैकी ४६ टक्के यशस्वी होते. बदलाची इच्छा होती पण संकल्प केला नव्हता, अशांपैकी फक्त ४ टक्के. (दोन्ही गटांची मनाची तयारी सारखी नसणार, हे मान्य. तरीही फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे.) तारखेतही थोडी जादू असते. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की वर्षाच्या, महिन्याच्या, अगदी आठवड्याच्या सुरुवातीलाही लोक जिमकडे जास्त वळतात. नव्या पानावर मागच्या चुका लागू नाहीत असं मनाला वाटतं. वाटू द्या. त्या वाटण्याचा फायदा घ्यायचा आहे.

पायरी १ : सवय एकच घ्या

पाच संकल्पांची यादी म्हणजे पाच घोड्यांवर बसून निघण्यासारखं. बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी स्वतःसाठी १३ गुणांची यादी केली होती. एवढा हुशार माणूस, पण तेराही गुणांवर एकदम तुटून पडला नाही. त्यांनी वहीत तक्ता आखला आणि एका आठवड्यात एकाच गुणावर लक्ष ठेवलं. १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. चूक झाली की तक्त्यात काळा ठिपका. त्यातला 'नीटनेटकेपणा' आपल्याला शेवटपर्यंत जमला नाही, अशी कबुलीही त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. ती वाचल्यावर मला फार हलकं वाटलं होतं.

एक निवडायची कशी? डोक्यात असतील त्या सगळ्या इच्छा कागदावर उतरवा आणि प्रत्येकीपुढे लिहा : 'ही कुणाला दाखवायची नसती, तरी केली असती का?' उत्तर 'नाही' असेल तिथे काट मारा. उरलेल्यांपैकी जिच्यामुळे बाकीच्या सोप्या होतील ती घ्या. झोपेची वेळ सुधारली की सकाळचा व्यायाम आणि कामातलं लक्ष, दोन्ही आपोआप थोडं सुधारतं. उलट दिशेनं तसं होईलच असं नाही.

वाक्य 'करायचं' या बाजूनं लिहा, 'बंद करायचं' या बाजूनं नको. स्वीडनमध्ये १,०६६ लोकांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काहीतरी सुरू करण्याचा संकल्प केलेल्यांपैकी ५८.९ टक्के लोकांनी वर्षाअखेरीस स्वतःला यशस्वी म्हटलं. काहीतरी टाळण्याचा संकल्प केलेल्यांमध्ये हे प्रमाण ४७.१ टक्के होतं. 'रात्री मोबाइल पाहणार नाही' यात हाताला काहीच काम मिळत नाही. 'अंथरुणावर पडलो की पुस्तकाची दोन पानं वाचेन' यात मिळतं.

पायरी २ : माप वाईट दिवसाचं घ्या

ही पायरी मला सर्वांत उशिरा कळली आणि सर्वांत जास्त उपयोगी पडली.

संकल्प करताना आपण ताजेतवाने असतो. सुट्टी असते, पोट भरलेलं असतं, घरात शांतता असते. त्या माणसाच्या अंगाचं माप घेऊन आपण वर्षभराचे कपडे शिवतो, आणि ते घालायचे असतात फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, ऑफिसात बोलणी खाऊन, डोकं दुखत असताना, रात्री साडेनऊला घरी पोचलेल्या माणसाला. ते त्याला बसत नाहीत. मग तो स्वतःला आळशी म्हणवून घेतो. खरं तर शिंप्यानं मापच चुकीचं घेतलेलं असतं.

म्हणून मागच्या वर्षातला एक खरा वाईट दिवस आठवा. आजारपणाचा नको, तसा दिवस सुट्टीचाच असतो. नुसताच रखडलेला, चिडचिडा, दमवणारा दिवस. त्या दिवशी झोपण्याआधी तुम्ही काय करू शकला असता? दहा मिनिटं चालणं? पाच ओळी लिहिणं? एक सूर्यनमस्कार? जे उत्तर येईल ते तुमचं किमान माप. ते इतकं छोटं असावं की सांगायला लाज वाटावी. लाज वाटत नसेल तर अजून अर्धं करा.

ज्या दिवशी जास्त करावंसं वाटेल त्या दिवशी करा, पण हिशेबात धरायचं ते किमानच. पाच ओळींऐवजी तीन पानं लिहिलीत तरी तक्त्यात खूण एकच, आणि उद्याची पाच ओळींची बाकी तशीच. 'काल जास्त केलं, आज सूट' हा व्यवहार एकदा सुरू झाला की थांबत नाही. माझा तर फार लवकर सुरू व्हायचा.

'एवढ्याशानं काय होणार?' हा प्रश्न येतोच. दोन मिनिटांच्या व्यायामानं शरीर घडत नाही, कबूल. पण या टप्प्यावर आपण शरीर घडवत नसून वाट पाडत आहोत. रोज त्याच जागेवरून गेलं की गवत दबतं आणि पायवाट उमटते. तिच्यावरून पुढे किती ओझं न्यायचं ते नंतर ठरवता येतं.

पायरी ३ : 'जेव्हा – तेव्हा'चं वाक्य

'यंदा नियमित व्यायाम करणार' हे वाक्य ऐकायला ठाम आहे आणि आतून पोकळ. कधी, कुठे, कशानंतर, याचा त्यात पत्ता नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांचा अभ्यास केला : 'अमुक घडलं की मी तमुक करेन.' २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. या साध्या वाक्यरचनेचा परिणाम लक्षणीय निघाला. ब्रिटनमधल्या एका प्रयोगातले आकडे तर थक्क करणारे आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला वेगळं काही सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामाचे फायदे पटवून देणारा मजकूर दिला. तिसऱ्याला तोच मजकूर देऊन, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार ते लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात एकदा तरी व्यायाम केलेले पहिल्या गटात ३८ टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के आणि तिसऱ्यात ९१ टक्के. नुसत्या प्रेरणेनं काडीचा फरक पडला नव्हता. प्रेरणादायी व्हिडिओ पाहत बसण्याआधी हे आकडे आठवावेत.

वाक्य लिहिताना सगळा भार त्यातल्या 'जेव्हा'वर असतो. ती खूण नीट निवडली तर अर्धं काम झालं. खूण निवडताना मी या गोष्टी पाहतो.

खूण म्हणून घड्याळापेक्षा घडणारी गोष्ट बरी. 'सात वाजता' म्हटलं की सात वाजून तीन मिनिटांनी मन म्हणतं, आता वेळ गेली. 'दात घासून झाले की' म्हटलं तर दात कधीही घासा, खूण शाबूत राहते. शिवाय घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागतं, दात आपण विसरत नाही.

खूण टोकदार हवी. 'जेवणानंतर' म्हणजे नेमकं केव्हा? ताट उचलल्यावर, ओटा पुसल्यावर, की अर्धा तास गप्पा झाल्यावर? 'ताट धुऊन जागेवर ठेवलं की' असं म्हणा. 'झोपण्यापूर्वी' ही सर्वांत फसवी खूण. झोपण्यापूर्वीचा काळ दोन तासांचाही असू शकतो आणि तो दिवसातला सर्वांत दमलेला काळ असतो. माझे निम्मे संकल्प याच एका शब्दानं गिळले.

आणि खूण सवयीइतक्याच वेळा घडणारी हवी. रोजच्या सवयीला रविवारी न घडणारी खूण लावली की सोमवारी पुन्हा ढकलगाडी.

एक वाक्य लिहून थांबू नका. वेळापत्रक कोलमडतं तेव्हा काय करायचं, याचंही वाक्य आधीच लिहून ठेवा. यामागे एक गंमतीशीर निष्कर्ष आहे. जॉन बेशिअर्स, मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी गूगलच्या अडीच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. काहींना त्यांनी स्वतः ठरवलेल्या वेळेतच जिमला गेल्यास पैसे मिळत होते, काहींना कधीही गेल्यास. ठरलेल्या वेळेचा गट जास्त टिकेल असा अंदाज कुणीही बांधला असता. पैसे बंद झाल्यावर टिकला तो मोकळ्या वेळेचा गट. ठरल्या वेळेच्या लोकांना तीच वेळ साधायची सवय लागली होती. ती हुकली की ते जातच नव्हते. म्हणून दोन वाक्यं हवीत. 'सकाळी दात घासून झाले की दहा मिनिटं चालेन. सकाळी राहिलंच, तर संध्याकाळी घरी आल्यावर बूट काढण्याआधी चालेन.' यातलं 'बूट काढण्याआधी' महत्त्वाचं. एकदा बूट निघाले की संपलं.

पायरी ४ : मांडणी बदला

सवयीला आजूबाजूच्या वस्तू किती धरून असतात, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी चित्रपटगृहात आलेल्या लोकांना पॉपकॉर्न दिलं, काहींना ताजं आणि काहींना आठवडाभर शिळं. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळंसुद्धा ताज्याइतकंच खाल्लं. आवडलं नाही, असं स्वतःच म्हणत खाल्लं. तशीच सवय असलेल्या दुसऱ्या काही जणांना साध्या मीटिंगच्या खोलीत बसवलं, तेव्हा त्यांनी शिळं कमी खाल्लं. दुसऱ्या फेरीत चित्रपटगृहातच, पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हातानं खायला सांगितलं, तेव्हाही शिळं कमी खाल्लं गेलं. खुर्ची, अंधार, पडदा आणि हात मिळून खात होते. माणूस बिचारा नावाला होता.

याचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. हव्या त्या सवयीच्या आड येणारी प्रत्येक लहान हालचाल आदल्या दिवशीच उरकून टाका. बूट दाराशी, मोजे बुटात. वही मिटलेली नको, उघडी, तीत पेन. पुस्तक उशीवर, म्हणजे झोपायला ते उचलावंच लागेल. नको असलेल्या सवयीच्या वाटेत मात्र अडथळे घाला. मोबाइलचा चार्जर अंथरुणापासून दुसऱ्या खोलीत. ज्या अ‍ॅपमध्ये तास बुडतात त्यातून रोज लॉगआउट. पासवर्ड टाकायचा कंटाळा हा फार प्रामाणिक पहारेकरी आहे.

उत्साह इथे ओता. शनिवार-रविवारचे दोन तास काढून ही मांडामांड एकदाच करून टाका. घर किंवा नोकरी नुकतीच बदलली असेल तर संधी आणखी मोठी. बास व्हरप्लांकेन आणि डेबोरा रॉय यांनी ८०० घरांमध्ये केलेल्या अभ्यासात, पर्यावरणपूरक सवयी लावण्याचा प्रयत्न नुकतंच घर बदललेल्यांमध्ये जास्त फळला, आणि ही मुभा साधारण तीन महिने टिकली. जुन्या खुणा पुसलेल्या असतात, नव्या अजून उमटलेल्या नसतात.

पायरी ५ : पहिला आठवडा, हात आखडता

पहिल्या आठवड्यात किमान मापाच्या दुपटीहून जास्त करू नका. हो, मनाई आहे. दहा मिनिटं ठरली असतील तर वीस मिनिटांना घरी परत, पाय चालत असले तरी. पहिल्या दिवशी तासभर चाललेल्याला तिसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलतात आणि मनात ती सवय 'दुखणारी गोष्ट' म्हणून नोंदली जाते. थोडं अजून हवं होतं असं वाटत असताना थांबलं, तर उद्या पाय आपणहून वळतात.

तक्ता ठेवा. कागदी आणि दिसेल असा. महिन्याचे चौकोन, झालं की बरोबरची खूण. अ‍ॅप चालतं, पण ते उघडायला मोबाइल हातात घ्यावा लागतो, आणि मोबाइल हातात घेतल्यावर काय होतं ते आपण जाणतोच.

तक्त्याची सुरुवात कोरी ठेवू नका. जोसेफ न्यूनेस आणि झेवियर ड्रेझ यांनी २००६ मध्ये गाड्या धुण्याच्या केंद्रावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही ग्राहकांना आठ शिक्क्यांचं कार्ड दिलं होतं, काहींना दहा शिक्क्यांचं, पण त्यातले दोन आधीच मारलेले. दोघांनाही उरलेले शिक्के आठच. तरी पहिल्या प्रकारची १९ टक्के कार्डं पूर्ण झाली आणि दुसऱ्या प्रकारची ३४ टक्के. निघालोच आहोत, तर पोचू या, असं मन म्हणतं. ज्याला आपण वेग पकडणं म्हणतो त्यात या भावनेचा वाटा मोठा असतो. म्हणून वाक्य लिहिलं त्या दिवसाची एक खूण, मांडामांड केली त्या दिवसाची दुसरी. त्या दोन्ही खुणा कमावलेल्याच आहेत.

पायरी ६ : नऊ दिवसांनंतर

नव्याची नवलाई नऊ दिवस. म्हण करणाऱ्यानं प्रयोगशाळा पाहिली नसेल, पण माणूस पाहिला होता. साधारण दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, तोही अगदी सभ्य वेषात. 'ही पद्धत आपल्याला मानवत नाही बहुतेक. दुसरी एखादी शोधू या.' या काळात नवीन पद्धत, नवीन अ‍ॅप, नवीन वही, काहीही विकत घ्यायचं नाही. पहिल्या सहा आठवड्यांत आराखडा बदलायचा नाही, एवढा एक नियम लिहूनच ठेवा. किमान माप कमी करायची मात्र परवानगी आहे.

'२१ दिवसांत सवय लागते' हा भ्रमही याच काळात दगा देतो. तो आकडा आला मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनकडून. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःचा नवा चेहरा ओळखीचा वाटायला किमान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली नोंदवलं. पुढे लोकांनी 'किमान' गाळलं आणि चेहराही गाळला. बाविसाव्या दिवशीही सकाळी उठवत नसेल, तर आपल्यातच काही खोट आहे असं वाटतं ते यामुळे.

प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं. त्यांचा शोधनिबंध २०१० सालचा. ९६ जणांनी एकेक सवय निवडली आणि १२ आठवडे रोज तिची नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्य ६६ दिवस निघाला. पण कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५४ अशी तफावत होती. (हा शेवटचा आकडा अंदाजाचा. अभ्यासच ८४ दिवसांचा होता, वक्ररेषा पुढे वाढवून तो काढला.) व्यायामासारख्या सवयींना खाण्यापिण्याच्या सवयींच्या साधारण दीडपट वेळ लागला. प्रत्येक आवृत्तीचा फायदा सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी होत गेला. पहिल्या महिन्यातला दिवस चौथ्या महिन्यातल्या दिवसापेक्षा मोलाचा, तो यामुळे.

कंटाळ्यावर एक उतारा चालतो : आवडीची गोष्ट सवयीला बांधून टाकायची. मिल्कमन यांच्या एका प्रयोगात, फक्त जिममध्येच ऐकता येतील अशी रंजक ऑडिओ पुस्तकं मिळालेला गट सुरुवातीला इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिमला गेला. पण मध्ये सुट्टी आली आणि हा फायदा विरून गेला. सुट्टीनंतर गाठ पुन्हा बांधावी लागते, हे त्यातून मी उचललं. आवडती मालिका किंवा गाणी फक्त चालताना, असा नियम करून पाहा. चोरून ऐकायचं नाही.

पायरी ७ : खाडा पडला तर

खाडा पडणारच. पाहुणे येतील, ताप येईल, कधी काहीही कारण नसताना नुसतंच राहून जाईल. लॅली यांच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं सवय घडण्याच्या वाटेत फारसा फरक पडला नव्हता. नुकसान खाड्यानं होत नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी मनात चालणाऱ्या भाषणानं होतं. १९७५ सालच्या एका जुन्या प्रयोगात डाएटवर असलेल्यांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवलं. ज्यांनी मिल्कशेक घेतलाच नव्हता, त्यांच्यापेक्षा या डाएटवाल्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे, तर आता पूर्णच मोडू. हे वाक्य ओळखीचं आहे ना? माझ्या डायरीतल्या १२ जानेवारीच्या कोऱ्या पानावर न दिसणाऱ्या शाईत तेच लिहिलेलं आहे.

यावर औषध म्हणजे खाड्यांना आधीच अंदाजपत्रकात जागा देणं. मरिसा शरीफ आणि सुझान शू यांनी लोकांना आठवडाभर रोज एक कंटाळवाणं काम दिलं. एका गटाला सातही दिवसांचं लक्ष्य, दुसऱ्याला पाच दिवसांचं, आणि तिसऱ्याला सात दिवसांचंच, पण अडचणीसाठी दोन माफ्या. पहिल्या गटात २१ टक्के, दुसऱ्यात २६ टक्के आणि तिसऱ्यात ५३ टक्के लोकांनी लक्ष्य गाठलं. माफी हाताशी असली की माणूस ती जपून वापरतो. मी महिन्याला दोन ठेवतो. पुढच्या महिन्यात त्या साठवून नेता येत नाहीत.

खाड्याच्या दुसऱ्या दिवशी किमानच करायचं. भरपाई म्हणून दुप्पट केलं की सवयीला शिक्षेचा वास येतो. आणि लांबच्या प्रवासाला किंवा सुट्टीला निघण्यापूर्वी परतल्यानंतरची तारीख तक्त्यावर आधीच लिहून ठेवा : 'परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाच ओळी.' परतल्यावर ठरवू म्हटलं की ठरत नाही.

पायरी ८ : महिनाअखेरची पंधरा मिनिटं

तक्ता समोर घ्या आणि खाडे कुठल्या वारी पडले ते पाहा. ते बहुधा विखुरलेले नसतात. माझे सगळे गुरुवारी निघाले. त्या दिवशी ऑफिसात सकाळीच बैठक असायची आणि दात घासून झाले तरी खुर्चीवर बसायला वेळच उरत नव्हता. मी सहा महिने स्वतःच्या इच्छाशक्तीला दोष देत होतो, दोष एका वाराचा होता. गुरुवारपुरती दुसरी खूण लावली, काम झालं.

वाढ कधी करायची? सलग तीन आठवडे किमान माप विचार न करता होत असेल तेव्हा, आणि तीही पावपटीनं. सवय अंगवळणी पडल्याची खूण अशी की ती आता आठवावी लागत नाही आणि एखाद्या दिवशी राहिली तर काहीतरी विसरून घराबाहेर पडल्यासारखं वाटतं. तिथे पोचल्यावरच दुसरी सवय हातात घ्या. मार्चमध्ये पोचाल किंवा जूनमध्ये. वर्षात दोन सवयी पक्क्या झाल्या तर ते भरघोस पीक आहे.

एखादी सवय दोन महिन्यांनंतरही जड जात असेल, माप कमी करून आणि खूण बदलूनही, तर ती खुशाल सोडा. मात्र तारीख घालून, कारण लिहून सोडा. न सांगता विरून गेलेला संकल्प मनात खडा होऊन टोचत राहतो.

वर्ष अर्धं उलटल्यावर हे वाचत असाल तर पुढचा सोमवार घ्या, एखाद्या महिन्याची पहिली तारीख घ्या, नाहीतर वाढदिवस. कागद मात्र आजच काढा. नमुना म्हणून, माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद इथे उतरवतो.

सवय : रोज लिहिणं.
किमान : पाच ओळी, कशाच्याही.
जेव्हा : सकाळी दात घासून झाले की, खिडकीजवळच्या खुर्चीवर.
सकाळी राहिलं तर : संध्याकाळी बूट काढण्याआधी, उभ्यानं.
गुरुवारी : बैठकीला जाताना, गाडी सुटायच्या आधी.
आदल्या रात्री : वही उघडी, पेन आत.
माफी : महिन्याला दोन खाडे. या महिन्यातला एक काल वापरला.